फळी अडकलेली होडी आणि चिकलठाण्याची फायबरची शेड

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका फायबरच्या शेडमध्ये मी माझी जुनी शिडाची होडी दुरुस्त करून घेतली. एरवी तिथे बसची पॅनेलं, पाण्याच्या टाक्या आणि संडासाची दारं बनतात. होडी त्यांच्या दारात पहिल्यांदाच आली. शेडचं नाव छापू नका असं मालकांनी सांगितलंय आणि मी तो शब्द पाळणार आहे. पण काम कसं झालं, कुठं चुकलं, पैसे किती गेले हे सगळं लिहितो. मराठवाड्यात असली होडी घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे मला वर्षभर कुणीच सांगू शकलं नव्हतं.

होडी एंटरप्राइज जातीची आहे. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी हा नमुना आखला. १९५६ च्या जानेवारीत अशा दोन होड्या रात्रीतून इंग्लिश खाडी पार करून गेल्या होत्या. लांबी १३ फूट ३ इंच, बसणार दोघं, दोन शिडं, आणि शिडांचा तो ओळखीचा निळा रंग. मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत होतो. सिकंदराबादला पोस्टिंग असताना हुसेनसागर तलावावर याच जातीच्या होडीवर शीड धरायला शिकलो. रिटायर होऊन गावी, जिंतूर तालुक्यात आलो तेव्हा येलदरी धरणाचं पाणी आमच्या शेतापासून दोन किलोमीटरवर होतं आणि त्याच्यावर शीड एकही नव्हतं. ते मला सहन होत नसे. शेवटी सिकंदराबादच्याच एका गृहस्थांकडून जुनी होडी ४५,००० रुपयांना घेतली. देवगिरी एक्सप्रेसने जाऊन बघून आलो, मग पिकअपमध्ये घालून आणली. फायबरचा हल (होडीचं मुख्य अंग), लाकडी बाक, डोलकाठी सरळ, शिडं विटलेली पण फाटलेली नाहीत. फळी मात्र मी खाली सोडून बघितली नाही. होडी जमिनीवर टेकवलेली होती, आणि तिला उचलून धरायला माणसं बोलवायचा आळस मी केला.

शिडाची होडी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी फळीचं थोडं सांगतो. वारा शिडाला ढकलतो तसा होडीला आडवाही सरकवतो. ती सरकू नये म्हणून तिच्या पोटातून एक उभी फळी पाण्यात सोडतात. हिलाच सेंटरबोर्ड म्हणतात. ही फळी आहे म्हणून वाऱ्याच्या तोंडावर तिरकं-तिरकं चढता येतं. फळी नसेल तर होडी पानासारखी वाहत जाते. फळी एका बोल्टवर फिरते आणि वर उचलली की एका उभ्या अरुंद पेटीत बसते. त्या पेटीला केस म्हणतात. केसच्या तळाला लांब फट असते आणि ती कायम पाण्याला उघडी असते. म्हणजे केसमध्ये बाहेरच्याइतकंच पाणी सतत उभं असतं. केसच्या भिंती शाबूत आहेत तोवर ते पाणी तिथंच राहतं. केसचा सांधा सुटला की होडीच्या पोटाला भोक पडलं म्हणून समजा.

आमच्या होडीला दोन्ही दुखणी होती. पहिल्याच दिवशी येलदरीत फळी अर्धी उतरली आणि अडकली. पुतण्याने वरून पायाने दाबली तेव्हा खाडकन खाली गेली, ती मग वरच येईना. पूर्ण उतरलेल्या फळीने होडीला मीटरभर पाणी लागतं. आम्ही काठाकडे आलो आणि ती मुरमात रुतली. येलदरीचा काठ उन्हाळ्यात लांबवर उघडा पडतो. काळी माती, मुरूम, वर धारदार खडे. दर वेळी होडी सरकवताना बारीक खडे त्या फटीत शिरतात आणि फळी व भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखे बसतात. हे झालं फळीचं. दुसरं दुखणं गळतीचं. अर्ध्या तासात एक बादली पाणी आत यायचं. पुतण्या शीड सोडून बादलीच धरून बसायचा. काठावर जाळं दुरुस्त करणारे एक भोई काका रोज बघायचे. एकदा म्हणाले, "सायेब, बरी होडी हाय की. मंग तिच्या पोटाला चीर कामून ठुली?"

(बरेच जण विचारतात, नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, एवढा मोठा, तिकडं का नाही नेत? तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं उतरलेल्या पाखरांमध्ये शीड घालणं मला पटत नाही. येलदरीतही पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय मी होडी पाण्यात लोटत नाही.)

आधी घरगुती उपाय केले. हॅक्सॉच्या पात्याने खडे काढले, कडांना साबण घासला, बोल्टभोवती लांबी (पुट्टी) भरली. वरून एकाने सिलिकॉन लावून दिलं. कुणी सिलिकॉन लावतो म्हटलं तर थांबवा. दोन फेऱ्यांत ते सुटतं आणि त्याचा तेलकट थर जिथे राहतो तिथे नंतर रेझिन, म्हणजे फायबर जमवायचं चिकट रसायन, धरत नाही. आमच्या होडीवरचा तो थर काढण्यातच चिकलठाण्याला दीड दिवस गेला.

त्या शेडच्या आधी मी आणखी दोन ठिकाणी फोटो दाखवले होते. दोन्हीकडे एकच उत्तर: मॅट (काचेच्या तंतूंचा थर) मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. चिकलठाण्याच्या शेडमध्ये मालकांनी फोटो बघितला आणि आत हाक मारली. आतून एक वयस्कर कारागीर आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणतो. चाचांनी फोटोकडे पाहिलंही नाही. विचारलं, "फळी निकाल के देखी क्या?" नाही म्हटलं. "तो फिर फोटू में क्या दिखना है, साब." मी तिथंच ठरवलं की काम इथेच द्यायचं. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेने टिपली होती. रेझिन जमवायला लागणाऱ्या कोबाल्टचे डबे एका कपाटात आणि हार्डनरचे कॅन शेडच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत. ही दोन्ही थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो, स्फोटही होतो. ज्या शेडमध्ये ती एकाच मांडणीवर शेजारी ठेवलेली दिसतील तिथून निघून यावं. कारागिरीचं पुढचं पुढे.

८ एप्रिलला होडी जिंतूर, मंठा, जालना करत चिकलठाण्याला पोचली. पिकअपमध्ये नाळ (होडीचं पुढचं टोक) केबिनच्या वर आणि मागचा भाग बाहेर, लाल फडकं बांधून. उतरवल्यावर ती जुन्या टायरांवर आडवी केली. बोल्ट निघेना. नट गंजून एकजीव झाला होता, तो ग्राइंडरने कापला. बोल्ट हातात आला तेव्हा मधोमध झिजून कमरेसारखा बारीक झालेला. दोन्ही टोकांना १२ मिलीमीटर, मध्ये जेमतेम ९. फळीतलं भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालेलं. म्हणून फळी केसमध्ये तिरकी व्हायची आणि खडा नसला तरी अडकायची. तिघांनी दोर लावून फळी ओढून काढली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे प्लायचे थर सुटले होते. मूळची १९ मिलीमीटरची फळी बोल्टजवळ फुगून २३ झालेली, आणि केसची फट तिथे २३ च.

मग चाचांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. होडी स्टुलांवर सपाट ठेवली. खालची फट टेप आणि लाकडी पट्टीने बंद केली. केसमध्ये पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ टाकली. सगळे चहाला गेले. परत आलो तर होडीच्या आत दोन ठिकाणी निळे ओघळ. एक बोल्टच्या भोकातून, दुसरा केसच्या मागच्या कोपऱ्यातून, जिथे ती तळाला जोडलेली आहे. मी इतके दिवस पुढचा कोपरा लिंपत होतो. पाणी मागून येऊन पुढे साचायचं, एवढंच. चाचांनी खडूने गोल केले. मग रुपयाच्या नाण्याने केसवर टकटक करत गेले. बोल्टच्या आसपास आवाज बसका यायला लागला. तिथं त्यांनी तळहात टेकवला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, "इसके पेट में पानी बैठेला है. पहले सुखाव, बाद में हात लगाव."

कापल्यावर दिसलं ते असं. बोल्टला जोर मिळावा म्हणून फायबरच्या आत लाकडाचा ठोकळा बसवलेला असतो. तो कुजून भिजलेल्या तंबाखूसारखा झाला होता, बोटांनी निघत होता. आधी फोटो दाखवले त्या दोन ठिकाणांचं ऐकून वरून मॅट मारून घेतली असती तर हा लगदा आतच राहिला असता. होडी दोन महिने गळली नसती, आणि मग एखाद्या दिवशी भर वाऱ्यात बोल्ट भिंतीसकट निघाला असता.

सुकवायला १८ दिवस लागले. एप्रिलचं ऊन असून चाचांनी होडी उन्हात ठेवू दिली नाही. सावलीत, पंखा लावून, केसच्या आत शंभरचा बल्ब सोडून. रोज तळहात लावून बघायचे. मला हे फोनवर कळायचं. चाचा स्वतः फोन करायचे आणि एवढंच सांगायचे, "अभी गीला है."

आता चूक. शेडमध्ये रोजचं काम पॉलिस्टरचं, ज्याला हे लोक नुसतं रेझिन म्हणतात. नवा सागवानी ठोकळा जुन्या फायबरला पक्का धरायचा तर इपॉक्सी, म्हणजे जास्त पक्कं धरणारं दुसरं रेझिनच हवं असा माझा आग्रह होता. खर्च तिपटीने वाढेल, मालकांनी आधीच सांगितलं, मी हो म्हटलं. त्यांनी एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर आणलं. हे वजनाने दहाला एक मिसळायचं असतं. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडं जास्त पडलं तर माल लवकर जमतो, कमी पडलं तर उशिरा. त्यामुळे कारागिरांच्या हाताला अंदाजाची सवय असते. इपॉक्सीत ही सूट नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांत पूर्ण संपावे लागतात. हार्डनर जास्त घातलं तर जास्तीचं तसंच उरतं आणि माल चिकट राहतो. चाचा लग्नाला गावी गेलेले. एका पोराने झाकणाने मोजून मिसळलं आणि ठोकळा बसवला. चौथ्या दिवशी मी गेलो तर नख रुतत होतं.

मी रागावलो, हे कबूल करतो. पण मालकांनी एकदाही "दोन दिवस थांबा, कडक होईल" असं म्हटलं नाही. त्यांनी स्वतः नख रोवून बघितलं, पोराला ओरडले नाहीत, त्याला समोर बसवून ठोकळा पुन्हा काढायला लावला आणि त्याच दिवशी वजनाचा डिजिटल काटा विकत आणला. दुसऱ्या वेळचा माल आणि मजुरी त्यांनी बिलात धरली नाही. माझे आठ दिवस गेले, ते गेलेच.

दुसऱ्या खेपेला मे महिना तापला होता, दुपारी ४२ अंश. पहिलाच मग हातात गरम होऊन धूर काढायला लागला. चाचांनी तो बाहेर मातीत ठेवला आणि काम दुसऱ्या दिवशी सकाळी सहावर ढकललं. थोडं थोडं मिसळायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं. खोल मगात माल आपल्याच उष्णतेने पेटतो. त्या सकाळी मी स्वतः काट्यापाशी बसलो. ठोकळा बसला. केस आणि तळ यांच्या कोनात घट्ट इपॉक्सीची गोलाई भरली, म्हणजे कापड काटकोनात मोडत नाही. तिच्यावर काचेच्या कापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. सगळा आडवा जोर या सांध्यावर येतो, म्हणून इथे हात आखडता घ्यायचा नाही.

नवी फळी जिंतूरच्या सुताराकडून करून घेतली. त्यांनी आयुष्यात होडी केलेली नाही, पण सागवान त्यांना कळतं. एकसंध रुंद फळी पाण्यात पीळ घेते. म्हणून सहा पट्ट्या चिरल्या आणि एकाआड एक उलट्या करून चिकटवल्या, म्हणजे एकीचा ओढा दुसरी अडवते. सागवान तेलकट. चिकटवायच्या आधी प्रत्येक पट्टी ॲसिटोनने पुसली, नाहीतर सांधा उघडतो. पुढची कड गोल, मागची निमुळती. फायबरच्या शेडमध्ये तिला काचेच्या कापडाचा अंगरखा चढवला, आणि तो धरून जाडी १९ मिलीमीटर. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलीमीटर मोकळं. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने पूर्ण बुजवलं आणि मग त्या इपॉक्सीत नवं भोक पाडलं. आता बोल्टचं पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. शेजारच्या लेथवाल्याने नायलॉनचा बुश (बोल्टवर बसणारी नळी) कातून दिला. बोल्ट स्टेनलेसचा, ३०४ चा. समुद्रात ३१६ लागतो, येलदरीच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरतो. दोन्ही बाजूंना मोठा वॉशर आणि त्याच्या आत रबरी वॉशर. नट कचकचून आवळायचा नाही हे चाचांना सांगावं लागलं. आवळला की केसच्या भिंती आत ओढल्या जातात आणि नवी फळी पुन्हा अडकते.

शेवटी पुन्हा निळीचं पाणी. या वेळी रात्रभर. सकाळी केसमधलं पाणी खुणेच्या रेघेवर होतं तिथेच होतं.

तक्रारी दोन आहेत. चार आठवडे सांगितले होते, नऊ लागले. मृगाच्या आत होडी मिळेल असा शब्द होता. ती आली ९ जूनला, आणि दोन दिवसांत पाऊस झाला. सोयाबीनची पेरणी सोडून मी होडीकडे बघू शकत नव्हतो. ती पाण्यात गेली पोळा झाल्यावर. बसच्या पॅनेलांची ऑर्डर आली की होडी कोपऱ्यात सरकायची, हे मी डोळ्यांनी बघितलं. मालकांनी ते आधी सांगायला हवं होतं. दुसरी तक्रार फटीच्या रबराची. होडीच्या तळाला फटीच्या दोन्ही कडांनी लवचीक पट्ट्या असतात. फळी वर असली की त्या मिटतात आणि खडे आत जात नाहीत. आमच्या काठावर हीच पट्टी सगळ्यात महत्त्वाची. शेडने ती नुसत्या सोल्युशनने चिकटवली आणि तिसऱ्या फेरीला ती सुटून लोंबायला लागली. मी नंतर वरून ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन, स्क्रूच्या प्रत्येक भोकात इपॉक्सी भरून बसवली. ते काम त्यांच्याकडून व्हायला हवं होतं. रंगही जुळला नाही. जुनी होडी पिवळसर, दुरुस्ती बसच्या पांढऱ्या रंगाची. मला ते चालतं. कुणाला चालणार नसेल तर आधी बोलून घ्यावं.

खर्च: शेडचे २१,८००, सुतार आणि सागवान ४,२००, लेथवाला ६५०, पिकअप जाऊन-येऊन १३,०००. एकूण ३९,६५०. होडीच्या किमतीच्या जवळपास. मला तो जड वाटला नाही. जुनी होडी घ्यायला निघालेल्यांनी मात्र केस आणि फळी बघितल्याशिवाय भाव ठरवू नये. चार माणसं बोलवा, होडी उचला, फळी पूर्ण खाली-वर करा, बोल्ट हलवून बघा आणि नाण्याने केस वाजवून घ्या.

पाण्यात उतरल्यावर एक गोष्ट राहिली होती. लाकडी फळी पाण्यात आपोआप वर यायला बघते, म्हणून तिच्या डोक्याशी रबराचा दाब लागतो. चाचांनी लावलेलं रबर जाड होतं. तीन फेऱ्यांत ते पॉलिश पेपरने थोडं थोडं घासून बसवलं. आता दोन बोटांनी फळी उतरते आणि सोडाल तिथे थांबते. त्या दिवशी आम्ही वीजघराच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर समोरच्या टेकाडापर्यंत चढत गेलो. आठ वळणं घेतली. पुतण्याच्या हातात पहिल्यांदा बादलीच्या जागी पुढच्या शिडाची दोरी होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी चाचा नातवाला घेऊन एसटीने जिंतूरला आले. मी न बोलवता. चाळीस वर्षं फायबरचं काम केलं, पण आपलं काम पाण्यावर कधी बघितलं नाही, म्हणाले. वारा मध्यम होता. लाइफ जॅकेट घालून त्यांना पुढे बसवलं. तासभर ते शिडाकडे बघत नव्हते, काठाकडेही नाही. डावा तळहात केसच्या मागच्या कोपऱ्यावर, जिथे एप्रिलमध्ये खडूचा गोल काढला होता तिथे टेकवून बसले होते. होडी कलली की हात तसाच दाबून धरायचे. काठाला लागल्यावर त्यांनी तो तळहात उलटा करून मला दाखवला. कोरडा होता.

परतीच्या एसटीला वेळ होता. तेवढ्यात त्यांनी सुकाणूची फळी काढून उन्हात धरली, कडेला नाण्याने दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "ये भी लेके आव साब, अगले महिने."